वृंदा नेरूरकर टेपवर गात नव्हती

साऊंडच्या धंद्यात कशावरही विश्वास ठेवायचा नसतो. काल चाललेली केबल आज चालेलच असं धरायचं नाही. दुकानदाराने नवी म्हणून दिलेली बॅटरी आधी जिभेला लावून बघायची. गायक म्हणाला गळा एकदम फर्स्टक्लास आहे, तर गुपचूप गरम पाणी मागवून ठेवायचं. मी हसन परकार, दापोली तालुक्यातला. शारजात वीसेक वर्षं हे काम केलं आणि या संशयावरच घर चालवलं.

संपादकांनी आखातातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. त्या आहेत, येतीलच. पण मी होकार दिला तो दुसऱ्याच कारणाने. मध्यंतरी दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत एक जुनं साप्ताहिक चाळत होतो. त्यात विस्मरणात गेलेल्या नट्यांवर लेख होता आणि वृंदा नेरूरकरवर चार ओळी होत्या. आधी रॉक गायची, दुबईत टेपवर ओठ हलवताना पकडली गेली, मग सिनेमात गेली, असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचा दोष नाही. सगळे हेच सांगतात. खरं ठाऊक असलेली माणसं मोजकी, आणि त्यांतला पहिला मी.

आमची कंपनी म्हणजे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातलं एक गोदाम आणि दोन व्हॅन. कागदावरचा मालक एक अरब होता, तो वर्षातून एकदा सही करायला यायचा आणि जाताना खजूर द्यायचा. खरे मालक कासमशेठ. माझ्याच गावचे, माझ्या वडिलांचे दोस्त. व्हिसा त्यांनी काढला, पासपोर्टही त्यांच्याच कपाटात. त्या काळी सगळ्यांचेच असे मालकाकडे असत, त्यात कोणाला काही वाटत नसे.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. स्टेजवरच्या प्रत्येक माईकची वायर एका बटणांच्या टेबलावर येते, त्याला मिक्सर म्हणतात. प्रत्येक वायरीला तिथे एक सरकती पट्टी असते, ती फेडर. वर सरकवली की आवाज येतो, खाली ओढली की जातो. पाटाचं पाणी या वाफ्यात सोडायचं की त्या, हे जसं दारं धरणाऱ्याच्या हातात असतं तसं. लोक गायकाकडे बघतात. दारं धरणाऱ्याकडे कोण बघतो?

आमची निम्मी कामं अरबी लग्नांची. तिथे बायकांचा हॉल वेगळा आणि त्यात पुरुषाचं नख दिसता कामा नये. गायिका बाई, ढोलकी वाजवणाऱ्या बायका, पाहुण्या बायका. साऊंडवाले मात्र पुरुष. म्हणून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये स्पीकर लावून घ्यायचे आणि मिक्सर एका कोपऱ्यात जाड मखमली पडद्यामागे ठेवायचा. संध्याकाळी पाहुण्या यायच्या आत आम्ही पडद्यामागे गेलो, की सगळं संपून हॉल रिकामा होईपर्यंत तिथेच. पलीकडे चारशे बायका, अलीकडे मी आणि पाण्याची बाटली. निरोप घेऊन एखादी मोलकरीण यायची, पडद्याआडूनच सांगायची, ‘बाबा, सौंड शोया शोया,’ म्हणजे थोडा कमी. अल ऐनच्या एका लग्नात नवऱ्या मुलीच्या आजीला तेवढाही धीर नव्हता. पडद्याखालून तिची काठी आली आणि माझ्या नडगीवर बसली. मी आवाज कमी केला. काठी गेली. पुढच्या गाण्याला पुन्हा आली, पुन्हा त्याच जागी. मला न बघता म्हातारीचा नेम असा पक्का होता.

मीसुद्धा न बघताच काम करायला शिकलो. मान खाली, डोळे मिटलेले, बोटं फेडरवर. कोण माईकच्या जवळ आली, कोण लांब गेली, कुणाचा श्वास संपत आलाय, सगळं कानांनी कळायचं. याचा मला गर्व होता, अजूनही थोडा आहे. आणि मध्येच शांतता पसरली, तर पडद्यामागे तिचा अर्थ एकच असायचा: माईक मेला. वायरलेस माईक तेव्हा नवे होते आणि लहरी होते. गाणं तुटलं की पलीकडे कुजबुज सुरू, आणि दुसऱ्या दिवशी त्या घराण्याचं काम दुसऱ्या कंपनीला.

त्यावर मी एक उपाय काढला होता. दुपारच्या तालमीत, वाद्यं थांबून गायिका एकटीच गाते तो तुकडा मी कॅसेटवर उतरवून ठेवायचो. कार्यक्रमात तो भाग जवळ आला की कॅसेट तिथेच थांबवून तयार. माईक गेला तर बटण दाबायचं, फेडर वर. बाईचाच आवाज, बाईचंच गाणं, पडद्यापलीकडे कुणाला फरक कळत नसे. दोनतीनदा असं निभावलं. गायिकांना मी कधी विचारलं नाही. परक्या पुरुषाने बायकांच्या हॉलमधला आवाज कॅसेटवर घेणं म्हणजे तिथे काय गुन्हा, हे मला चांगलं ठाऊक होतं. कासमशेठनाही मी हे सांगितलं नव्हतं. कार्यक्रम संपला की कॅसेट पुसायचो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वृंदा आली. दोन कार्यक्रम होते, गुरुवारी रुवैसला रिफायनरीच्या कामगारांसाठी आणि शुक्रवारी दुबईत मोठ्या मैदानावर. कासमशेठनी नाव ऐकलं आणि म्हणाले, ‘वृंदा? म्हणजे भजन ना रे? मग दोन माईक पुरे.’ मी पोस्टर दाखवलं. काळं चामड्याचं जॅकेट, कापलेले केस, गळ्यात गिटार. शेठ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आठ माईक ने. आणि जुने स्पीकर ने, फाटले तरी चालतील असे.’

मुलगी पंचविशीची होती. माझ्या हिंदीवरून तिने मला लगेच ओळखलं. ‘कोकणातले ना?’ म्हणाली. मी दापोली म्हटलं, तर म्हणाली, ‘माझे आजोबा नेरूरचे. मी नुसती गिरगावची, नारळ बाजारातून आणणारी.’ तेव्हापासून मी हसनकाका. तिचा आवाज बोलताना घोगरा होता, विडी ओढणाऱ्यासारखा, पण वर गेला की पितळेच्या घंटेसारखा स्वच्छ. गाणी स्वतः लिहायची, हिंदी आणि इंग्रजी मिसळून. मला ती गाणी कळायची असं म्हणणार नाही. आवाज मात्र कळायचा.

बँडमध्ये चौघं होते. त्यात लक्षात ठेवण्यासारखा फ्रेडी, मडगावचा, कीबोर्ड वाजवायचा. सडपातळ, अबोल. वृंदाच्या आल्याच्या चहाचा थर्मास नेहमी त्याच्या खांद्याला. दोघांचं लग्न ठरल्यासारखंच होतं, फक्त तोंडाने कोणी बोलत नव्हतं. त्याच सुमारास मुंबईचे एक निर्माते, कक्कडसाहेब, दुबईत उतरले होते आणि वृंदाला सिनेमात घ्यायचं म्हणून मागे लागले होते. ती त्यांना हसून टाळायची. म्हणायची, ‘सिनेमात माझ्या तोंडून दुसरीच कोणीतरी गाणार. मग मी कशाला?’

रुवैस म्हणजे वाळवंटात मधेच उभी केलेली धुराड्यांची वस्ती. प्रेक्षक जमिनीवर बसलेले, खेडचे, चिपळूणचे, केरळचे, पठाण. पहिल्या दोन गाण्यांना त्यांना काही उमगेना. मागून एकजण ओरडला, ‘ताई, एक कोळीगीत होऊन जाऊ द्या.’ तेवढ्यात तिच्या वायरलेस माईकने रिफायनरीच्या वॉकीटॉकीचा आवाज पकडला आणि सगळ्या स्पीकरांतून गडगडला: ‘गेट नंबर दो, पानी का टँकर आया है, खोल दो.’ लोक हसून लोळायचे बाकी. वृंदा माईकमध्ये म्हणाली, ‘खोल दो भाई, सब प्यासे हैं.’ त्या एका वाक्याने रुवैस तिचं झालं.

मग शेवटच्या गाण्यात माईक खरोखरच मेला. मी लगेच वाकून पेटीत दुसरी बॅटरी शोधू लागलो. शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग शिट्ट्या थांबल्या. मग बोलणंही थांबलं. आणि मग तिचा आवाज आला, माईकशिवाय, उघडा. तो त्या शांततेत अगदी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ती स्टेजच्या कडेला येऊन एक शब्दही न बोलता नुसती उभी राहिली होती आणि तिच्याकडे बघत बघत हजार माणसं गप्प झाली, असं मला इतरांनी सांगितलं. मी पाहिलं नाही. माझं डोकं पेटीत होतं.

परतताना व्हॅनमध्ये ती माझ्या मागच्या सीटवर होती. म्हणाली, ‘काका, आपण गप्प बसलं की लोक कसे ऐकतात ना.’

मी म्हटलं, ‘उद्या तो माईक नीट बघून घेतो.’

तिने मला काय सांगितलं आणि मी काय ऐकलं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे.

शुक्रवारी सकाळी मी शेठकडे नवा माईक मागितला. शेठ म्हणाले, ‘दोन हजार दिऱ्हम. म्हणजे अठरा हजार रुपये. एवढ्यात गावाला विहीर होते.’ विषय खलास. जुनाच माईक साफ केला, आणि त्याच्यावरचा माझा संशय काही जाईना. नमाजनंतर मैदानावर तालीम झाली. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस ड्रम थांबायचे, गिटार थांबायची आणि वृंदा एकटीच एक लांब ओळ घ्यायची, वर चढत जाणारी. तालमीत वाद्यं थांबताक्षणी तिने ती ओळ घेतली. मध्ये कुठेही थांबली नाही. मी ती कॅसेटवर उतरवली, नेहमीसारखीच, न विचारता.

संध्याकाळी मैदान भरलं. कुटुंबं, पोरंबाळं, पुढच्या खुर्च्यांवर कक्कडसाहेब. मिक्सर मैदानाच्या मध्यभागी, स्टेज समोर, मध्ये कसलाही पडदा नाही. हवं ते बघू शकत होतो. पण सवय ती सवय. मान खाली, डोळे मिटलेले, एक बोट तिच्या फेडरवर, एक कॅसेटच्या बटणावर.

शेवटचं गाणं आलं. ड्रम थांबले. गिटार थांबली. आता ओळ यायची.

आली नाही. नुसती शांतता. माझ्या कानांनी तिचा एकच अर्थ लावला. मी बटण दाबलं आणि फेडर वर सरकवला.

तिचा आवाज निघाला, स्वच्छ, पितळी, मैदानभर. आणि लगेच लोकांमधून एक विचित्र हुंकार उठला. तेव्हा मी वर पाहिलं. वृंदा स्टेजच्या अगदी कडेला उभी होती. माईक धरलेला हात खाली, मांडीपाशी. ओठ मिटलेले. लोक गप्प व्हायची ती वाट बघत होती. आणि तिचा आवाज तिच्याशिवाय गात होता.

मी फेडर खाली ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुणीतरी ओरडलं, ‘टेप!’ मग चारी बाजूंनी, ‘टेप, टेप!’ तिने माईक उचलला. तो पहिल्यापासून चालू होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं. ती गायली. खऱ्या गळ्याने, तीच ओळ, तालमीहून चांगली. माझ्या शेजारचा एक गृहस्थ बायकोला सांगत होता, ‘बघ, दुसरी कॅसेट लावली.’

स्टेजमागे कासमशेठनी मला बाजूला घेतलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘हसन, कॅसेट कुठली? आपली असेल तर आत्ताच सांग. आपण गाणाऱ्या बायकांचे आवाज चोरून घेतो, असं एका जरी अरबाच्या कानावर गेलं, तर लग्नं बंद. नुसती लग्नं नाही, तू आणि मी दोघं आत.’

माझी बायको जुबैदा आणि मुलगी सना गावाहून येऊन फार दिवस झाले नव्हते. सनाची शाळा नुकती सुरू झाली होती. मी म्हटलं, ‘बँडकडून आली. लावा म्हणाले होते.’

शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, ‘मग हेच कायम ठेव.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलवर माईकची पेटी आणायला गेलो. लॉबीत वृंदा बसली होती, पलीकडच्या सोफ्यावर कीबोर्डच्या पेटीला टेकून फ्रेडी. मधल्या रिकाम्या खुर्च्यांवरूनच कळत होतं की काहीतरी बिनसलंय. ती उठून माझ्याकडे आली. हळू आवाजात, मराठीत बोलली, म्हणजे त्या लॉबीत आम्हा दोघांनाच कळेल असं.

‘काका, ती आमच्या कालच्या तालमीची कॅसेट होती. तालमीला फक्त आम्ही होतो. तुमच्याकडे कोणी आणून दिली?’

तालमीला मीही होतो. ते तिच्या ध्यानातही आलं नाही. दारं धरणाऱ्याकडे कोण बघतो?

मी म्हटलं, ‘तुमच्याकडूनच आली.’

‘फ्रेडी?’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पेटीचं कुलूप उगाच उघडलं आणि पुन्हा लावलं. आयुष्यभर शांतता दिसली की ती भरून काढायला धावलो, आणि नेमकी तीच एक तशीच राहू दिली. तिने मान हलवली. म्हणाली, ‘त्याला भीती होती, मी सिनेमात जाईन. म्हणून कक्कडसाहेबांसमोर मी पडावं असं वाटलं असेल त्याला.’ हे ती मला सांगत नव्हती, स्वतःला समजावत होती.

दुपारी फ्रेडी गोदामावर आला. त्याचा संशय वेगळाच. ‘हसनभाय, सच बोलो. वो कक्कड ने दिया ना कॅसेट? गाने में बदनाम हो गई तो पिक्चर में आएगीच, ऐसा?’ मी म्हटलं, मालूम नहीं. तो म्हणाला, ‘वो बोलती है मैंने दिया. सबके सामने बोली.’ मग थर्मास माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, हा तिला पोचवा. मी ड्रायव्हरच्या हाती पाठवला.

बँड त्याच्याशिवाय मुंबईला गेला. गप्पांच्या मासिकांनी पुढचं काम केलं. वृंदाला वर्षभर कोणी स्टेजवर बोलावलं नाही, आणि तिने कक्कडसाहेबांचा सिनेमा घेतला. त्यात ती रॉक गायिकाच होती, आणि गाणी दुसऱ्या बाईच्या आवाजात. शारजाच्या टॉकीजमध्ये मी जुबैदाला घेऊन गेलो. जुबैदा म्हणाली, ‘ही बाई गाते चांगली.’ मी म्हटलं, ‘ही गात नाहीये.’ ती म्हणाली, ‘हो, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.’

सिनेमा चालला. पुढेही चार-सहा चालले. नटी म्हणून ती वाईट नव्हती. गाण्याच्या प्रसंगात तिच्या गळ्याच्या शिरा खऱ्याखुऱ्या ताणलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, शूटिंगच्या वेळी ती खरंच गात असणार आणि तो आवाज कुठेतरी टाकून देत असणार.

फ्रेडी दुबईतच राहिला. बर दुबई भागातल्या एका हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी संध्याकाळी कीबोर्ड वाजवायचा. त्या हॉटेलात आमचं लग्नाचं काम निघालं की मी लॉबीतून जायचो नाही. मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. तरी त्याचं वाजवणं ऐकू यायचंच. कान कुठे झाकणार?

दोन हजार साल उलटल्यावर मुंबईच्या नटनट्यांचा मोठा कार्यक्रम आला, त्याच मैदानावर. कासमशेठ आनंदाने सांगत आले, की काम आपल्याला मिळालं, वृंदा मॅडमनी आपल्या कंपनीचं नाव घेऊन सांगितलंय. शारजा-दुबईत एव्हाना आमच्याहून चांगल्या दहा कंपन्या होत्या. मग आम्हीच का?

अशा कार्यक्रमात सगळंच टेपवर असतं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असतं. नट्या नाचतात, ओठ हलवतात, लोक टाळ्या देतात. ज्या मैदानावर तिला टेप टेप म्हणून हिणवलं, तिथेच आता टेप ऐकायला लोक तिकीट काढून आले होते. तालमीला ती काळा चष्मा लावून आली, मागे सेक्रेटरी, छत्री धरणारा माणूस. सरळ मिक्सरपाशी आली. ‘हसनकाका, बरे आहात?’ मग म्हणाली, ‘वायरचा माईक असेल ना? वायरचाच द्या.’ मी म्हटलं, सगळं ट्रॅकवर आहे, माईक कशाला? म्हणाली, ‘असू द्या. हातात काहीतरी हवं.’

दिवसभर मी त्या वाक्याचे अर्थ लावत बसलो. हिला कळलंय का? हिने मला इथे सगळ्यांसमोर उघडं पाडायला आणलंय का? शेठना सांगू का, की माझ्या जागी दुसरा बसवा? तिच्या हसण्यावर संशय, तिच्या चष्म्यावर संशय. ती स्वतःची पाण्याची बाटली माझ्या टेबलावर विसरली, तर तीही मी उचलून बघितली.

संध्याकाळी तिने दोन गाण्यांवर नाच केला. ट्रॅक संपला. ती गेली नाही. स्टेजच्या कडेला आली. माईकचा हात खाली, मांडीपाशी. ओठ मिटलेले.

हे मी सांगू शकतो, कारण या वेळी मी बघत होतो. तिच्या माईकचा फेडर आधीच वर सरकवून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो, पोरं परीक्षेत बसतात तसा. ती लोकांकडे बघतच नव्हती. मिक्सरकडे बघत होती. मैदान आधी चुळबुळलं, कुणीतरी शिट्टी मारली, मग हळूहळू आवाज मावळत गेला, एखाद्या वर्गात बाई आल्या की मावळतो तसा. रुवैसला जे घडलं आणि मी बघितलं नाही, ते हे होतं. सगळं मैदान गप्प झालं, तेव्हा तिने माईक उचलला आणि ती ओळ घेतली. आवाज थोडा दमला होता. वरची जागा काठावरून निसटता निसटता राहिली. पण होता तो तिचाच.

माझ्या शेजारी उभा असलेला लाइटवाला म्हणाला, ‘अच्छा ट्रॅक है.’

कार्यक्रमानंतर ती मिक्सरपाशी आली, एकटीच. माईकची वायर स्वतः गुंडाळत होती, कोपर आणि पंजामध्ये, आम्ही गुंडाळतो तशी.

‘आज वर पाहिलंत,’ ती म्हणाली.

मी फेडर एकेक करून खाली ओढत राहिलो.

‘डबिंगच्या खोलीत काचेपलीकडे साऊंडवाले बसतात ना, सगळे मान खाली घालून. त्यांच्याकडे बघता बघता एक दिवस ध्यानात आलं. तालमीला तुम्हीही होतात.’ वायर गुंडाळून झाली. ‘कॅसेट फ्रेडीची नव्हती.’

‘नव्हती,’ मी म्हटलं. ‘माझी होती.’

तिने माईक जागेवर ठेवला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. मी तयार होतो, एका परीने वाटच बघत होतो. ती म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? मी त्याला त्या लॉबीत काय काय बोलले, ते त्याने ऐकलंय. त्याला सांगा.’

‘इन्शाल्ला,’ मी म्हटलं.

‘खरं इन्शाल्ला, की दुबईचं?’

दुबईचंच निघालं. तिथे दुकानदार उद्या माल येईल म्हणून जे इन्शाल्ला म्हणतो, ते. शेठ हयात होते, लग्नांची कामं चालू होती, सनाचं कॉलेज व्हायचं होतं. कारणं नेहमीच असतात आणि खरीही असतात. फ्रेडी पुढे गोव्याला परत गेला. वृंदाने सिनेमा सोडला. मग शेठ गेले, गोदाम गेलं. आता बायकांच्या हॉलमध्ये मिक्सरवर मुलीच बसतात असं ऐकतो, पडद्याची गरज उरलेली नाही. मी दापोलीला येऊन राहिलो.

सना दुबईतच आहे, सिलिकॉन ओएसिस नावाच्या नव्या वस्तीत. फोनवर तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अब्बा, इट वॉज जस्ट अ मिस्टेक. नोबडी रिमेंबर्स.’ मी म्हटलं, चूक फेडर वर करण्यापुरतीच होती. लॉबीतली चूक नव्हती. आणि एकाला तरी आठवत असणार.

तो मडगावला मुलांना पियानो शिकवतो, असा पत्ता लागला. वृंदाशी त्याचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही, असंही कळलं. हे लिहिलेलं त्याला पाठवून भागणार नाही, त्याला मराठी वाचता येत नाही. म्हणून अंक हातात आला की मी स्वतः जाणार आहे, आणि त्याच्यासमोर बसून हिंदीत करून वाचून दाखवणार आहे. वाचायचं म्हटलं की मान खाली जाणारच, त्याला इलाज नाही. पण शेवटचं वाक्य मी पाठ केलं आहे. ते म्हणताना कागदाकडे बघायची गरज पडणार नाही.

फ्रेडी, कॅसेट मेरी थी.